चोरखिसा

तोंड उघडं, डोळ्यांवर दिवा.
डॉक्टर लांजेवार हिरडीत सळई घालते
आणि शेजारच्या पोट्टीला आकडे सांगते:
तीन, तीन, पाच,
चार, सहा, सात.
सात म्हणताना तिचा आवाज जरा खाली येतो.

मापं सांगणं हा माझा धंदा.
छाती अडतीस, बाही चोवीस,
महालात, केळीबाग रोडच्या मागच्या गल्लीत, एकतीस वर्षं.
माझंच माप कोणी घ्यावं,
तेही आतून,
असं कधी झालं नव्हतं.

"काका, हिरड्यांत खिसे झालेत."
हसलो असतो, पण गालात कापूस होता.
शर्टाला एक, पॅंटीला तीन,
आणि बाजाराला येणाऱ्या म्हाताऱ्यांच्या बंडीला
आतल्या अंगानं चोरखिसा.
किती शिवले, हिशेब नाही.
न शिवता झालेला हा पहिलाच.

मेडिकल चौकात पारा सेहेचाळीस.
कूलर नुसता ओरडतो, वाळा सुकलेला.
ती कागदाची बारीक काडी काढते,
सुईत दोरा ओवावा तशी सातमध्ये सरकवते
आणि मनात वीस मोजते.
"जंतू तर आहेतच, काका.
पण त्यांच्याआधी विषाणू येऊन बसतात का,
राखणदाराला गुंगवतात का,
आणि मग जंतूंना रान मोकळं होतं का,
ते पाहायचंय. असेल कदाचित."

"म्हणजे खर्रा नाही?" मी आशेनं विचारलं.
"खर्रा आहेच.
त्यात कदाचित नाही."

"मग हा कोणता विषाणू, बाप्पा?"
"नागीण निघते ना अंगावर? तिच्याच कुळातले.
भाऊबंद म्हणा."
"नागपुरात दुसरं काय निघणार," पोट्टी पुटपुटली.
डॉक्टर हसली नाही.
"लहानपणीच येतात बहुतेकांत.
उष्ट्यातून, लाळेतून, पाप्यांतून.
मग जात नाहीत. निजून राहतात."

उमरेडचं घर. चुलीजवळ आई.
ज्वारीची भाकर स्वतः चावते,
मऊ झाली की बोटावर घेते
आणि माझ्या तोंडात घालते.
मी गोवरातून उठलेला, नुसती हाडं.
तिच्या बोटाला धूर आणि मिठाचा वास.
हे मला आठवतं, की लोकांनी सांगून सांगून
आठवल्यासारखं झालंय, कोण जाणे.

एका उन्हाळ्यात तिच्या कमरेला नागीण निघाली.
बाया गेरू लावायच्या अन् म्हणायच्या,
तोंड-शेपूट जुळलं तर बाई जाते.
जुळलं नाही.
त्यानंतर वीस वर्षं जगली.
गेली तेव्हा तोंडात एकही दात नव्हता
आणि चांदीचे गोट बहिणीच्या हातात होते.

मला काहीच ठेवलं नाही म्हणून
मी किती वर्षं घरात तोंड वाकडं केलं.
आता ही पोरगी कागदाची काडी
कुपीत टाकते, वर चिठ्ठी लावते: एकेचाळीस.
असेलही तिथं, तिच्या तोंडचं काही,
तिलाही ठाऊक नसलेलं,
अस्तराच्या आत.
किंवा नसेल. मी काय डॉक्टर आहे?

"रिपोर्ट केव्हा मिळेल?"
"तुमचा वेगळा नाही मिळणार, काका.
साठ जणांचा मिळून अभ्यास आहे.
इथं सही करा. दौलत नारायण निखारे.
आणि सोमवारी सफाईला या,
ती कदाचितसाठी थांबत नाही."

फाटकापाशी खर्रेवाला पन्नी घोटत होता.
माझ्या शर्टाच्या खिशात सकाळची पुडी होती.
फेकली नाही, खोटं कशाला बोलू.
पण मानेवाड्यापर्यंत उघडलीही नाही.
जीभ तेवढी सारखी सातकडे जात होती,
आत काही आहे का,
चाचपून परत येत होती.